चंपतरावांचं नाव

जरा जवळ सरकून बसा, माय-बापहो. आमच्या नागपूरकडच्या एका भल्या माणसाची गोष्ट सांगतो.

सकाळी अकराला सुमंत खुशीत होता. जुन्या, अवाढव्य टेलिफोन कंपनीची सायबर सुरक्षा तो सांभाळायचा. एका संशयास्पद मेलबद्दल पन्नासावर कर्मचाऱ्यांनी त्याच्याकडे तक्रार केली होती. लिंक कोणीच दाबली नव्हती. मेलमध्ये होतं: ‘भिवापूरचे लाइनमन चंपतराव खांबावरून पडले. ओ निगेटिव्ह रक्त तातडीनं हवं. इथं नाव नोंदवा.’

महिन्याभरापूर्वी लोकांची परीक्षा घ्यायला सुमंतनंच अशीच एक खोटी मेल सोडली होती. एकतीस जण फसले. नाव, रक्तगट, फोन, सगळं भरून बसले. त्यानं ती यादी सभागृहात पडद्यावर लावली. लोक पोट धरून हसले. काउंटरवरची भावना मान खाली घालून म्हणाली होती, “माणूस मरून राहिला म्हटल्यावर चोर कोण पाहत बसते, साहेब?”

आता तीच माणसं शहाणी झाली होती. कुण्या चोरानं आपलीच मेल उचलून फिरवलेली दिसते, असं सुमंतला वाटलं. एक फोन करून खात्री करावी, हे मनातही आलं नाही. त्यानं ती मेल सगळ्यांच्या खात्यांतून पुसून टाकली.

एक वाजता कल्याण विभागातल्या यमुताईंचा फोन आला. “काहून गा सुमंत, माही मेल कुठं गेली? मी दवाखान्यात बसून राहिली. एक माणूस नाही आला.”

म्हणजे मेल खरी होती, हे सुमंतला कळलं. त्यानं जुनी यादी उघडली. ओ निगेटिव्हचं एकच नाव होतं: भावना. त्यानं काकुळतीनं फोन लावला.

“नाही साहेब,” ती हसली. “एकदा फसली मी. आता नाही फसत.”

तो गाडी काढून थेट तिच्या बेसा भागातल्या ऑफिसात गेला. त्याचा चेहरा पाहून ती हातातलं काम टाकून निघाली. दोघं दवाखान्यात पोचले तेव्हा चंपतराव जाऊन दहा मिनिटं झाली होती.  

देवापुढे दिवा लावाल तेव्हा चंपतरावांची आठवण करा, माय-बापहो. त्या खोट्या मेलमध्येही नाव त्यांचंच होतं. तुमचं नाव टाकू का, असं सुमंतनं विचारलं, तेव्हा ते हसून म्हणाले होते, “टाका ना साहेब. माह्या नावानं लोकं धावत येतीन.”