पान एकशे बारा

"काका, आलं बघा शेवटचं पान!" पुतणी एका पायात मोजा घालून, हातात फोन नाचवत स्वयंपाकघरात आली.

पेंटरकाका वाटाणे सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही. सात महिने रोज सकाळी घरात हाच कार्यक्रम चालू होता. कुणा मुलीला जुन्या पुस्तकांच्या ढिगात क्रांतीवरचं एक जाडजूड पुस्तक मिळालं होतं आणि त्याच्या समासात दोन माणसं कचाकचा भांडत होती, एक निळ्या शाईत, दुसरं पेन्सिलीत. ती मुलगी रोज दोन पानांचा फोटो टाकायची आणि हजारो लोक त्यावर तुटून पडायचे. शाई म्हणजे बाई आणि पेन्सिल म्हणजे पुरुष, इथवर सगळ्यांचं एकमत होतं. एकशे बाराव्या पानानंतर पेन्सिल गप्प झाली, मग काय विचारता! कुणी म्हणे पकडला, कुणी म्हणे गोळी लागली. बघता बघता लोकांनी त्याला हुतात्मा करून टाकला, त्याच्या वाक्यांचे स्टिकर काढले. त्यातला एक पुतणीच्या डब्यावर होता.

फ्रिजवर लावलेली सामानाची यादी त्या पेन्सिलवाल्याच्याच अक्षरात होती. पण सामानाच्या यादीत अक्षर कोण बघतं?

"वाचू?"

"वाच की."

पुतणीने घसा साफ केला. "शाईत आहे. 'इथवर आलास ना? मग एक गोष्ट तोंडावर सांगायची आहे, ती लिहिणार नाही. हे वाचलंस की लगेचच्या रविवारी चार वाजता वाचनालयाच्या जिन्यावर ये. आला नाहीस तर मी काय ते समजेन, पुन्हा विषय काढणार नाही.'" तिने फोन छातीशी धरला. "अगं बाई, काका! गेला असेल का हो तो?"

काकांच्या हातात शेंग तशीच राहिली.

"नाही गेला."

"कशावरून?"

"शेवटपर्यंत वाचलंच नसेल त्याने."

"काहीतरीच तुमचं! असा माणूस पुस्तक अर्धवट टाकेल होय? सगळे काय तुमच्यासारखे असतात, मध्यंतराआधी घोरणारे?" तिने दुसरा मोजा चढवला, डबा उचलला आणि हसत हसत कामावर गेली.

दार लागलं.

काकांच्या तरुणपणीच्या अभ्यासमंडळात एका पुस्तकाला दोन वाचक असत. आधी एकाने वाचून शाईत लिहायचं, मग दुसऱ्याने पेन्सिलीत उत्तर द्यायचं. काकांना घोषणा रंगवायला सांगा, दिवसभर शिडीवर उभे राहतील. वाचायचं मात्र जिवावर यायचं. शंभरावर पानं त्यांनी रेटली, ती समोर शाई होती म्हणून. पुढे वरकड मूल्याचं प्रकरण आलं आणि डोळे मिटायला लागले. त्यांना कुणी पकडलं नव्हतं की कुणी मारलं नव्हतं. नुसता कंटाळा आला होता.

महिनाभराने त्यांनी पुस्तक झटकून, पुसून शाईवालीला परत दिलं आणि छाती काढून सांगितलं, "शेवटपर्यंत वाचलं. एकदम पटलं!"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग पुस्तक पिशवीत घालत म्हणाली, "बरं."

एवढंच. पुढच्या पुस्तकाला तिने दुसरा जोडीदार मागून घेतला आणि वर्षभरात शहरही सोडलं. आपली विद्वत्ता कमी पडली, असं चाळीस वर्षं काका धरून चालले होते. पुन्हा कुणासमोर जायचा धीरच झाला नाही त्यांना.

"माझ्यासारखा गाढव नसेल जगात," काका मोठ्याने म्हणाले. घरात ऐकायला कुणी नव्हतं.

ती पानं बघण्यापुरतं त्यांनी गुपचूप एक बिननावाचं खातं उघडलं होतं. आजवर त्यावरून एक अक्षर लिहिलं नव्हतं. हात पुसून ते एका बोटाने टाइप करायला बसले. अर्धा तास लागला.

"पेन्सिल म्हणजे मी. मला काही झालं नव्हतं. एकशे बारा पानांनंतर कंटाळून सोडून दिलं आणि वाचलं म्हणून थाप मारली. हे पान मी आज पहिल्यांदा बघतोय. कळलं असतं तर तीन वाजताच जिन्यावर येऊन बसलो असतो."

वाटाणे पुन्हा पुढ्यात घेईपर्यंत फोन थरथरायला लागला. "आजचे सहावे पेन्सिलवाले, टाळ्या!" "पुरावा दाखवा आजोबा." "हुतात्म्याची चेष्टा? शोभत नाही." खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची ही रांग. त्यात एका मुलीने लिहिलं होतं, "माणसाने काय लिहावं याला काही ताळतंत्र?" तिचा फोटो काकांनीच काढलेला होता, मागच्या वाढदिवसाला, याच टेबलाशी.

त्यांनी फोन उपडा ठेवला आणि उरलेल्या शेंगा सोलल्या. टरफलं डब्यात टाकली. ओटा पुसला. मग राहवेना म्हणून फोन सुलटा केला.

हसणारे चेहरे आणखी वाढले होते. त्यांच्या खाली, अगदी शेवटी, एक बिननावाचं खातं होतं. फोटोच्या जागी नुसतं राखाडी वर्तुळ. त्याने एकच शब्द लिहिला होता.

"बरं."