रोहिदासची झोप

भर दुपारी सून अंथरुणात घोरत होती आणि अनुसयाबाई दारात बसून कावळे हाकलत होत्या. शेजारणीने मिक्सर लावला, तशा त्या दबक्या आवाजात खेकसल्या, "बंद कर गं बाई! माझ्या पोराची झोप चाललीय."

झोप रोहिदासची होती, झोपत सुवर्णा होती. ट्रकवाल्या कंपनीने दोघांच्या कानामागे एकेक चकती चिकटवली होती. बायकोने घरी नवऱ्याच्या वाटणीचंही झोपायचं आणि नवऱ्याने टवटवीत डोळ्यांनी गाडी हाकत राहायचं. पेंगणारे ड्रायव्हर त्यामुळे इतिहासजमा झाले होते. अट एकच होती: गाडी चालू असताना घरच्या माणसाला उठवायचं नाही.

झोपेवर पहारा देत असल्या तरी अनुसयाबाईंना मनातून ही सगळी सुनेची चैन वाटायची. पोराचा तीन वर्षांत डोळा लागला नव्हता आणि ही बया गादीवर लोळून गुटगुटीत झाली होती.

तेवढ्यात रोहिदासचा फोन आला.

"आई, घाट उतरतोय. जेवलीस का?"

"मी जेवले. तुझी महाराणी लोळतीय अजून. थांब, देते तिला."

"आई, नको! उठवू नकोस, मी घाटात…"

"नवऱ्याचा फोन आलाय आणि उठायचं नाही? ऊठ गं!" त्यांनी सुनेला गदागदा हलवलं.

सुवर्णा खडबडून उठली. "आत्याबाई, गाडी उभी आहे ना?"

फोनमधून संथ घोरणं ऐकू येऊ लागलं. सुवर्णाने किंकाळी फोडायला तोंड उघडलं, पण अनुसयाबाईंनी त्यावर हात दाबला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"ओरडू नकोस गं," त्या कुजबुजल्या. "किती वर्षांनी डोळा लागलाय पोराचा."