येणार, कदाचित, नाही

दुपारचे दोन वाजले तरी फाटक वाजलं नव्हतं.

टेबलावर बारा ताटं मांडलेली होती. मधोमध सणाचा गोल पाव, शेजारी गोड शिजवलेल्या गव्हाचा वाडगा आणि सकाळपासून जळणारी उंच मेणबत्ती. वितोमिर काळा कोट घालून खिडकीशी उभा होता. कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या खिम्याचं पातेलं रोसांडानं पुन्हा गरम केलं. बायको गप्प असली की वितोमिरला जास्त ऐकू यायचं.

आज घराच्या कुलसंताचा दिवस होता, स्लावा. वाल्येवो गावात या दिवशी आपल्या माणसाला कुणी बोलावत नाही. ज्याला माहीत आहे तो येतो, आणि एकदा आलेला मरेपर्यंत येत राहतो. पण अलीकडे माणसं कमी होत चालली होती. ताटं किती मांडायची या काळजीनं रोसांडाची झोप उडायची. म्हणून त्यांच्या मुलीनं, नेवेनानं, व्हिएन्नाहून फेसबुकवर बापाच्या नावानं एक सुबक आमंत्रण तयार केलं. वर संताचं चित्र, खाली तीन बटणं. येणार, कदाचित, नाही. ते सगळ्या ओळखीच्यांना गेलं.

एक ल्युबिसाव सोडून.

ल्युबिसाव वितोमिरचा कूम होता. वितोमिरच्या लग्नात तो शेजारी उभा राहिला होता, नेवेनाचं नाव त्यानंच ठेवलं होतं. त्या मुलखात हे नातं भावाच्याही वरचं. मे महिन्यात वितोमिरनं ग्रादाच नदीत धरलेला मासा हातात घेऊन फोटो काढला आणि फेसबुकवर टाकला. ल्युबिसावनं खाली लिहिलं, ‘कूम, मासा कुठाय? मिशीमागे लपला का?’ त्याखाली हसणाऱ्या पिवळ्या तोंडांची रांग लागली. वितोमिरनं नेवेनाकडून माहिती घेतली, की मित्रांच्या यादीतून माणूस काढून कसा टाकतात. एका बोटाचं काम निघालं. तेव्हापासून दोघं बेकरीत समोरासमोर आले, की वितोमिर फळीवरच्या पावांकडे बघत राहायचा.

आमंत्रणाला उत्तरं भराभर आली होती. आजही येत होती. लाल बदाम, जोडलेले हात, ‘तुमच्या घराला सुख लाभो’. टपाल कचेरीतल्या वुकोसावाबाईंनी हलत्या ज्योतीची मेणबत्ती पाठवली होती. ती फोनमध्ये फडफडत होती आणि संपत नव्हती. टेबलावरची निम्मी झाली होती.

तीनच्या सुमारास नेवेनाचा व्हिडिओ कॉल आला. पाहुणे दाखवा, म्हणाली. वितोमिरनं फोन मेणबत्तीकडे वळवला, मग पावाकडे, मग भिंतीवरच्या संताकडे. तिनं विचारलं, किती जण आलेत?

“ताटं पुरतील,” तो म्हणाला.

मग तो कुंपणापाशी गेला. पलीकडे शेजारी द्रागोय्लो जुना स्वेटर घालून लाकडं फोडत होता. वितोमिरनं आधी हवेची चौकशी केली, मग लाकडांची. शेवटी हळूच म्हणाला, की रोसांडा वाट बघतेय. द्रागोय्लो म्हणाला, कळवलंय की, ‘कदाचित’ दाबलंय. त्यानं आणखी एक ओंडका फोडला. मग पोटातलं बोलला. इतकी वर्षं तुझ्याकडे येतोय, पण येणार का म्हणून कुणी कधी विचारलं नव्हतं. यंदा विचारलंस. म्हटलं, याला आता आपण जड झालो असणार.

ते फक्त ताटांच्या हिशेबासाठी होतं, हे वितोमिरला सांगायचं होतं. पण कुंपणावरून ते कसं सांगावं हे त्याला सुचेना. तो घरात परत आला.

पाव अखंडच होता. तो एकट्यानं मोडता येत नाही. यजमानासमोर, उंबरा ओलांडून आलेल्या कुणाला तरी त्याची दुसरी कड धरावी लागते. दोघांनी तो फिरवायचा, दोघांनी मोडायचा. वितोमिरच्या बापाच्या काळी, युद्धाच्या वर्षांतसुद्धा, या घरात स्लावेचा पाव अखंड राहिला नव्हता. मेणबत्ती चार बोटं उरली होती. रोसांडा म्हणाली, हवं तर मी मागच्या दारानं बाहेर पडते आणि पुढच्या दारानं पाहुणी म्हणून येते. ती थट्टा करत होती की नाही ते वितोमिरला कळलं नाही. तिनं ॲप्रन मात्र सोडून ठेवला होता.

अंधारायला लागलं तेव्हा फाटक वाजलं.

पायरीवर ल्युबिसाव उभा होता. इस्त्रीचा सदरा, काखेत वाइनची बाटली. तुमची स्लावा सुखाची होवो, यजमान, असं तो नेहमीच्या आवाजात म्हणाला. आत येऊन त्यानं छातीवर क्रूस काढला, चमचाभर गहू तोंडात टाकला, प्याला रिकामा केला. बारा ताटांकडे एकदा बघितलं आणि बाटली टेबलावर ठेवली. रोसांडानं पाव पुढे केला.

दोघांनी तो दोन बाजूंनी धरला. फिरवला. मग रिवाजाप्रमाणे दोघंही पावाचं चुंबन घ्यायला खाली वाकले आणि त्यांची टकलं एकमेकांवर आपटली. कुणी हललं नाही.

“मी तुला आमंत्रण पाठवलं नव्हतं,” वितोमिर पावाकडे बघत म्हणाला.

“माहीत आहे. सगळ्या गावाला गेलं, फक्त मला नाही,” ल्युबिसाव म्हणाला. “म्हटलं, या घरचा आता मी एकटाच उरलो.”