रोज सकाळचं गाणं

आज सकाळीही रेडिओवर गाणं लागलं नाही, तेव्हापासून सेल्विनचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्सच्या पलीकडे, वाळवंटातल्या त्याच्या आदिवासी वस्तीचं ते इवलंसं रेडिओ केंद्र डॉरीन मावशी चालवायची. सेल्विनच्या नावावर जगभर गाजलेलं ते गाणं लावल्याशिवाय तिचा दिवस उजाडत नसे. तो मेलबर्नमध्ये असो की लंडनमध्ये, मोबाइलवर ते ऐकायचाच.

वस्तीत माणूस गेला की त्याचं नाव घेत नाहीत, त्याचा आवाज लावत नाहीत. घरच्यांचं दुःख निवेपर्यंत.

“मी मेलो असं वाटतंय की काय त्यांना?” तो मॅनेजरवर ओरडला. दुसरा विचार तो मनात येऊच देईना. घसा पार बसला होता. “डग, घरी जाऊ दे मला. धाकट्या भावाचं डायलिसिस चालू आहे. येतो म्हणून शब्द दिलाय त्याला.”

“दौरा संपला की जा.”

“वर्षभर हेच ऐकतोय!”

“मग करारावर सही काय मी केली? घसा फाटेस्तोवर बोंबल, मला काय! वेळेवर स्टेजवर उभा राहा म्हणजे झालं.”

डग दार ओढून गेला. बाहेर पहारेकरी होताच. म्हणायला सुरक्षा. ज्याला बघायला लाखो लोक जीव टाकतात, त्याला सख्ख्या भावाला भेटायची चोरी! सेल्विनला रडूच कोसळलं.

शेवटी मावशीला फोन लागला.

“मावशी, मी आहे गं अजून! चांगला धडधाकट!”

“माहीत आहे रे. कालच टीव्हीवर पाहिलं तुला.”

“मग गाणं का बंद केलंस? रुसलात ना माझ्यावर? शप्पथ, एवढा दौरा झाला की येतो. धाकट्याला दे जरा फोन.”

“सेल्विन, अरे...”

“मावशी? दे ना त्याला.”

“कुणाला देऊ, बाळा?” मावशीला हुंदका आवरेना. “तुझ्या त्या डगला निरोप दिला होता रे आम्ही. सांगतो म्हणाला.”

दार उघडलं. डगने त्याच्या हातातला फोन काढून घेतला, माइक दिला आणि पाठीवर हात ठेवून त्याला उजेडात ढकललं. सगळं मैदान त्याच्या नावाने ओरडत होतं. ड्रम सुरू झाले. सेल्विनने माइक तोंडाशी नेला.

स्पीकरमधून धाकट्याचा आवाज तेच गाणं गाऊ लागला, आणि सेल्विनने रोजच्यासारखे ओठ हलवले.