आठ ग्लास पाणी

समता कॉलोनीतल्या ऑफिसात मोहरील साहेबांनी संकल्पांचा तक्ता लावला. स्वतः मोठ्या अक्षरात लिहिलं, 'एकही फाइल पडून राहू देणार नाही.' मुतखड्यानं हैराण झालेल्या विशाखानं खाली लिहिलं, 'रोज आठ ग्लास पाणी पिणार.'

दुसऱ्या दिवशी चौथ्या ग्लासानंतर ती उठली. लेडीज बाथरूममध्ये तीन वर्षांपासून साहेबांच्या तुंबलेल्या फाइलींचे गठ्ठे छतापर्यंत कोंबलेले होते. साहेबांना सांगितलं, तर मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले, "घरी जाऊन या न. इतकं पानी पिता काहून?"

विशाखाचं डोकं सणकलं. तिनं एकेक गठ्ठा ओढून आणला आणि त्यांच्या टेबलावर आदळला.

"घ्या साहेब, हा तुमचा संकल्प. हा तिथून हटला तरच मले माझा पाळता येईन."