जुन्या गाडीच्या सवयी

जुन्या इलेक्ट्रिक मोटरसायकलने टिपलेल्या सवयी नव्या गाडीत भरण्याआधी शोरूममधली मुलगी त्या एकेक करून पडद्यावरून मोठ्याने वाचत होती. मुकुंदरावांना घाम फुटला, कारण शेजारी पत्नी शैलाताई बसल्या होत्या.

“दर रविवारी कात्रज घाटात भजीच्या टपरीपाशी वीस मिनिटं थांबणे.”

“अहो, हवा भरायला जात होतात ना?”

“रात्री लग्नकार्याहून परतीला मागे बसलेल्याचं डोकं पाठीला टेकलं, की वेग तीसवर आणणे.”

मुकुंदराव खिडकीबाहेर बघू लागले. बॅटरी थकलीय, परतीला गाडी पळतच नाही, असं मागे डुलक्या घेणाऱ्या शैलाताईंना दहा वर्षं सांगून त्यांनी नव्या गाडीला होकार मिळवला होता.

शैलाताईंनी सावकाश चष्मा पुसला.

“भजी पुसून टाक गं. दुसरी सवय राहू दे,” त्या म्हणाल्या. “फक्त तीसचं पंचवीस कर.”