तिसरी मूठ

प्रमिलाबाईंनी न्हाऊन ओल्या केसांनीच गव्हात हात घातला, तेव्हा जयश्री हातातलं काम टाकून आईजवळ येऊन बसली. नागपंचमीपासून ती याच घडीला भीत होती.

उद्या घरात कानबाई देवी बसायची होती. खानदेशातून सुरतेत येऊन तीस वर्षं झाली, बमरोलीत दोन खोल्या झाल्या, पण रोटाची रीत तीच. घरात जितके पुरुष, तितक्यांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू घ्यायचा, दळून त्याचे रोट करायचे आणि ते घरच्यांनीच खाऊन संपवायचे. जित्याची मूठ चुकवायची नाही. आणि मेलेल्याच्या नावाची पडलीच, तर ते रोट खाणाऱ्याला बाधतात. जयश्री कॉलेजात शिकलेली, एरवी असल्या गोष्टींना हसणारी. आज काही तिला हसू येत नव्हतं.

तिचा मोठा भाऊ धर्मेंद्र माघात मस्कतला नोकरीसाठी निघाला आणि विमानतळ गाठायच्या आधी हायवेवरच अपघातात गेला. प्रमिलाबाई तेव्हा हृदयाच्या ऑपरेशननंतर दवाखान्यात होत्या. धक्का बसेल असं काही सांगू नका, म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं. तिच्या वडिलांनी, लोटूने, धाकट्या भावाला, लखनला घेऊन तिकडेच नदीकाठी पोराला अग्नी दिला, आणि संध्याकाळी सफरचंदं घेऊन तो बायकोपाशी आला. विमान वेळेवर सुटलं, असं त्याने तिला सांगितलं. दुसऱ्या दिवशी एक नवा मोबाइलही त्यानेच आणून जयश्रीच्या हातात ठेवला.

तेव्हापासून जयश्री भावाच्या नावाने आईला मेसेज लिहीत होती. मस्कतची खोली, खोलीतला नंदुरबारचा सोबती, सगळ्या भाज्यांत खोबरं घालणारा आचारी, सगळं तिच्याच डोक्यातलं. फोनवर बोलायला बंदी, लिहायला चालतं, हा कंपनीचा कायदाही तिचाच. आईला हे सगळं चांगलं मानवलं. ती हसू लागली, दोन घास जास्त जेवू लागली.

अलीकडे मात्र जयश्रीला भीती वाटत होती ती वडिलांची. मेसेज आला की लोटू तो दोनदोनदा वाचून घ्यायचा. परवा तर लूमच्या कारखान्यात पेढे वाटून आला, पोराचा पगार वाढला म्हणून. पगार जयश्रीने वाढवला होता. पप्पा नाटक छान वठवतात, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

पहिली मूठ प्रमिलाबाईंनी नवऱ्याची घेतली, नाव न उच्चारता. दुसरी लखनची. प्रत्येकीवर सव्वाची चिमूट. मग त्यांनी पदराला हात पुसला आणि परात उचलली.

तिसरी मूठ त्यांनी घेतलीच नव्हती. आईला माहीत होतं.

लोटू नाइटपाळीहून आला होता. दारात उभा राहून तो कानातले कापसाचे बोळे काढत होता.

"धर्मानी मूठ ऱ्हायनी," तो म्हणाला.

"नही ऱ्हायनी," प्रमिलाबाई म्हणाल्या.

जयश्रीने त्याला डोळ्यांनी खुणावलं, आता पुरे म्हणून. त्याचं लक्षच नव्हतं. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"पोऱ्या दूर शे म्हनीसन त्यानी मूठ टाळशी? त्याले काही व्हयनं म्हंजे?"

जयश्री उठली. तिने त्याचा हात धरला. "पप्पा," ती हळूच म्हणाली, "तुम्हीच तर त्याला..."

"काय मी?" लोटूने विचारलं.

तो खरंच विचारत होता. जयश्री आयुष्यात इतकी कधी घाबरली नव्हती. ज्या हाताने अग्नी दिला तो हात तिच्या हातात होता, आणि त्या माणसाला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आत्ता सांगितलं नाही तर हा कायमचा त्या खोट्यातच राहील, आणि सांगितलं तर उभ्या जागी कोसळेल. वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. तिने आईकडे पाहिलं. आईने नकारार्थी मान हलवली.

मग प्रमिलाबाई पुन्हा खाली बसल्या. गव्हात घातलेला हात बाहेर काढायला त्यांना वेळ लागला. चार दाणे जमिनीवर सांडले, ते त्यांनी वेचून परातीत टाकले.

"धर्मेंद्र," त्या मोठ्याने म्हणाल्या आणि वर सव्वाची चिमूटही घातली.

लोटूचा चेहरा निवळला. त्याला लिही, तुझी मूठ घेतली म्हणावं, असं जयश्रीला सांगून तो मोरीत पाय धुवायला गेला.

जयश्री रडू लागली. प्रमिलाबाईंनी तिला जवळ ओढलं. त्या दिवशी सफरचंदांना धुराचा वास होता, त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं. पण ती लिहायची ते फार गोड असायचं. वाचून होईपर्यंत पोरगा जिवंत असायचा, मग कशाला बोलायचं? नवरा आपल्यासाठी नाटक करतोय असंच त्याही समजत होत्या. तो त्या नाटकाच्या आत कधी शिरला, ते त्यांना कळलं नाही.

"आणि रोट बाधले तर?" जयश्रीने विचारलं.

मोरीतून पाण्याचा आवाज येत होता. लोटू मजेत तोंडावर पाणी मारत होता. प्रमिलाबाईंनी परात जात्याकडे सरकवली.

"तू बापकरता लिखत जाय," त्या म्हणाल्या. "धर्माना नावना रोट मी खासू."